ओला कचरा गेटच्या आत: कोथरूडच्या एका सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2024, रविवार

कमिटीची मीटिंग. विषय एकच: ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा. तीन इमारती, 62 फ्लॅट. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर जी जबाबदारी टाकली आहे, ती आपल्याला लागू होत नाही, कारण आपण त्याच्या बरेच आत आहोत. दोघांनी हाच मुद्दा धरून ठेवला. सक्ती नाही तर आपण का करायचं?

मी सांगायला सुरुवात केली ती उरुळी देवाची आणि फुरसुंगीपासून. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जाऊन पडला. ओला कचरा ढिगाच्या पोटात दबला की त्याला हवा मिळत नाही, तो सडतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. डेपोला आगी लागतात त्यातही त्याचा हात असतो. खालून जे काळं पाणी झिरपतं त्याने आसपासच्या विहिरी गेल्या, गावांना टँकर लागले. तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या त्या उगाच नाही. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ओला असतो, म्हणजे आपल्या भाजीच्या देठांचा आणि शिळ्या पोळ्यांचा.

"तुमचं सगळं खरं, पण वास येणार नाही ना?" तळमजल्यावरच्या आजी. हा प्रश्न मात्र रास्त. लिहून घेतला. ठराव मंजूर झाला, विरोधात दोनच हात.

9 जून, रविवार

यंत्र बघितलं. एका कंपनीचा माणूस येऊन प्रात्यक्षिक देऊन गेला. कचरा टाका, बटण दाबा, चोवीस तासांत खत. बाहेर आला तो तपकिरी, कोरडा, कॉफीसारखा चुरा. सगळे खूश, सेक्रेटरी तर चेकबुक काढायच्या बेतात.

मी मूठभर चुरा घरी आणला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला, थोडं पाणी शिंपडून झाकण लावून ठेवलं.

12 जून

बरणी कमिटीच्या टेबलावर नेऊन उघडली. जिना रिकामा झाला.

झालं होतं ते असं: यंत्र कचरा तापवतं, वाळवतं आणि दळतं. पाणी गेलं म्हणून कुजणं थांबलेलं असतं, संपलेलं नसतं. ओल मिळाली की परत सुरू. ते कुंडीत घातलं तर मुळांपाशीच कुजत बसेल आणि झाड पिवळं पडेल. शिवाय वाळवायला वीज लागते ती वेगळीच. जीवाणू जे काम फुकट करतात त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ विकत मिळत नाही. सगळीच यंत्रं अशी असतात असं माझं म्हणणं नाही, काहींत नंतर मुरवायची सोय असते. पण चोवीस तास हा आकडा कोणी सांगितला की बरणी काढावी.

बायोगॅसचाही विचार झाला. पुण्यातल्याच 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र बनवलं आणि 2006 मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. एखाद्या बंगल्याला फार छान. आमच्याकडे गॅस कोणाच्या स्वयंपाकघरात न्यायचा यावरूनच निवडणूक घ्यावी लागली असती.

शेवटी विटांचे जाळीदार हौद ठरले. पुसदच्या नाडेपकाकांनी रूढ केलेल्या खताच्या टाकीची शहरी, छोटी आवृत्ती म्हणा. भिंतीत भोकं ठेवायची, हवा चारी बाजूंनी खेळती.

23 जून, रविवार

मागच्या कंपाउंडला लागून चार हौद बांधून झाले. एक भरायचा, तो भरला की दुसरा. चौथा होईपर्यंत पहिला तयार व्हायला हवा. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी साचणार नाही.

खरा प्रश्न कोरड्या मालाचा. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पाणी त्याहून जास्त. जीवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे पंचवीस-तीस भाग हवे असतात. तो कार्बन पालापाचोळ्यात, लाकडाच्या भुशात, फाडलेल्या पुठ्ठ्यात असतो. जूनमध्ये पाचोळा कुठला? तो सगळा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडून गेला, आणि कोणीतरी पेटवलाही असणार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून भुशाची पोती आणली. रिक्षावाला म्हणाला, "काका, कोंबड्या पाळताय का?"

विरजण म्हणून आंबट ताकात गूळ कालवून शिंपडलं. माळीकाका शेणकाल्यावर अडून बसलेत. दोन्ही केलं. कल्चर म्हणून बाजारात मिळणाऱ्या पाकिटाची आत्ता तरी गरज वाटत नाही.

1 जुलै

पहिला दिवस. बादल्या आल्या. फाटकाजवळ माळीकाका उभे आणि शेजारी त्यांनी स्वतः मजकूर सांगून नातवाकडून लिहून घेतलेली पाटी:

"येथे फक्त ओला कचरा. 'त्यात थोडासाच सुका आहे' हे वाक्य इतरत्र जाऊन म्हणावे."

पहिल्या आठवड्यात रोज वजन करायचं ठरलंय.

8 जुलै

रोज साधारण 32 ते 38 किलो. रविवारी जास्त, सोमवारी मटणाची हाडं. हाडं घेत नाही, कुत्री येतात. आंब्याच्या कोयी संपत आल्यात, मक्याची कणसं सुरू झालीत. कणसाचा दांडा लवकर कुजत नाही पण ढिगात हवा राखतो, म्हणून तो मोडून घालतो.

थर्मामीटरचा दांडा ढिगाच्या मध्यात खुपसला तर 58 अंश. चांगलं आहे. पंचावन्नच्या वर काही दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणांचं बी बहुतेक मरतं. सकाळी ढीग उकरला की वाफ निघते. आजी खाली येऊन वाफ बघून गेल्या, वासाबद्दल काही बोलल्या नाहीत. ही त्यांची पसंती समजायची.

25 जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. आमचं नुकसान त्यापुढे काहीच नाही. दोन हौद भिजून लगदा झाले, एवढंच. वरचं छप्पर अपुरं.

28 जुलै

आज वास आला. हवा नाही, पाणी भरपूर, म्हणजे ढिगाने डेपोचा रस्ता धरला होता. फावड्याने पूर्ण पलटी केला, दोन पोती भुसा मिसळला. मुठीत धरून दाबलं तर थेंब गळता कामा नये, पण हात ओला व्हायला हवा. हे एवढं जमलं की बाकीची विद्या आपोआप येते.

उकरताना तपकिरी, जाड, वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या आणि बी विंगमध्ये हाहाकार. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, वर लाल अक्षरांत "हेच का पर्यावरण?" त्या सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या अळ्या. घरमाशीसारखी ही खरकट्यावरून ताटावर बसत नाही, चावत नाही. अळी कचरा मात्र झपाट्याने खाते. जास्त झाल्या तर ओल जास्त आहे असं समजायचं. ग्रुपवर एवढं लिहिलं, मग कोणीतरी विचारलं की त्या कोंबड्यांना घालतात का. घालतात. रिक्षावाला द्रष्टा निघाला.

18 ऑगस्ट, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण आज खत सोडून दुसरंच काहीतरी कळलं.

आमचा सुका कचरा नेणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या सभासद. पार्श्वभूमी नवीन कमिटी सदस्यांसाठी: 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, बाबा आढावांचा तिला आधार होता. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्रं मिळाली. पुढे त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये पालिकेशी दारोदार कचरा उचलण्याचा करार झाला. घरांकडून मिळणारं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, हे दोन मिळून त्यांचा महिना.

पार्किंगमध्ये ताई माल वेगळा करत होत्या, मी शेजारी स्टूल टाकून बसलो. हातात वस्तू आली की अर्ध्या सेकंदात तिची जागा ठरते. पिशवी चोळून बघतात. मऊ, आवाज न करणारी असेल तर एका गोणीत, करकर वाजणारी दुसऱ्या. वेफर्सचं पाकीट उलटं करून आतली चांदी बघितली की सरळ बाजूला. तिथे प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि अल्युमिनियम असे चिकटलेले असतात की सोडवणं कोणाला परवडत नाही, त्यामुळे त्याला भाव नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून वेगळं, कारण बाटली पेटची आणि झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, दोन्ही वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला 1 हा आकडा पेटचा, शाम्पूच्या डब्याखाली बहुतेक 2 असतो. ताई आकडा बघतही नाहीत.

मी विचारलं, फरक पडला का काही, जुलैपासून?

"पडला की. पूर्वी निम्मा माल वरणात भिजलेला यायचा. भिजलेली रद्दी दुकानदार घेत नाही, घेतली तर वजनात कापतो. पुठ्ठ्याला तेल लागलं की फेका. आता कागद कागदासारखा येतोय."

इतके आठवडे मी थर्मामीटर बघत बसलो होतो. घरात बादली वेगळी झाली आणि त्याचा मोठा फायदा झाला तो सुक्या कचऱ्याला. कागदाच्या लगद्यात तेल उतरलं की ते निघत नाही, म्हणून पिझ्झाचा तेलकट खोका रिसायकल होत नाही. अल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळवायला खनिजापासून नवं अल्युमिनियम करण्याच्या मानाने सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते, पण तो डबा भट्टीपर्यंत पोचला तर. काच कितीही वेळा वितळवा, काचच राहते, पण तुटलेली काच बटाट्याच्या सालांत गुंडाळून आली तर ती फक्त कोणाचातरी हात कापते. रिसायकलिंगचा कारखाना कुठेही असो, त्याचा पहिला विभाग आपल्या ओट्याखाली आहे. हे कमिटीत मांडायचं.

25 ऑगस्ट, रविवार

मांडलं, आणि भलतीकडेच गेलं. माल आता स्वच्छ येतोय तर तो सोसायटीनेच भंगारवाल्याला विकावा, निधीत भर पडेल, अशी सूचना. माझा ठाम विरोध. 2016 च्या नियमांतच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं म्हटलंय. आणि नियम राहू द्या, ज्या बाईने वीस प्रकारचं प्लास्टिक हाताने ओळखायची विद्या फुकट पुरवली तिच्या तोंडचा घास काढून आपण लिफ्टमध्ये आरसा लावणार का? सूचना मागे. सूचना करणारे माझ्याशी अजून बोलत नाहीत.

त्याऐवजी ठरलं ते असं: ताईंना माल वेगळा करायला पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड, एक पंखा, नळ. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका. उघडून बघायची वेळ कोणावर येऊ नये. ठिपक्याचं सांगायला तरुण सुनांपेक्षा सासवांना जास्त संकोच वाटेल अशी भीती होती. आजींनी जिन्यात मोठ्याने सांगून प्रश्न मिटवला.

8 सप्टेंबर, रविवार

दीड दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. निर्माल्यासाठी वेगळा पिंप. दुर्वा, पत्री, केवडा, जास्वंद सगळं हौदात चालतं. हारांचे दोरे चालत नाहीत. फुलं कुजतात, दोरा फावड्याला गुंडाळतो. आज संध्याकाळी चार मुलं कात्र्या घेऊन बसवली, दोरा काढेल त्याला मोदक.

शाडूच्या मूर्ती बादलीत विरघळल्या. ती माती वाळवून 'पुनरावर्तन' मोहिमेला देणार, ती परत मूर्तिकारांकडे जाते. तीन मूर्ती प्लास्टरच्या. त्यांच्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट, पालिका फुकट देते. ही रीत आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याचं पिंपात कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत म्हणून चालतं. दोन-तीन दिवस ढवळावं लागतं, नाकाला झोंबतं. पिंप उघड्यावर ठेवला. रंगाचा गाळ मात्र आपल्या खतात अजिबात नाही, रंगात जड धातू असू शकतात.

15 सप्टेंबर

पहिला हौद चाळला. काळंभोर, मोकळं, पावसाळी मातीचा वास. ट्रेमध्ये हळीव पेरले, खत कच्चं असेल तर ते धड उगवत नाहीत.

चाळणीत जे वर राहिलं ते वर्तमानपत्रावर पसरलं. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या अपेक्षित होत्या. बाकी: फळांवरचे स्टिकर, रबरबँड, एक चमचा, चहाच्या पिशव्यांचे सांगाडे (कुजले नाहीत म्हणजे त्यात प्लास्टिकचा धागा आहे), आणि सगळ्यात जास्त, मूठभर, पांढरे निळे छोटे त्रिकोण. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. सकाळी घाईत कोपरा कापतो, तो ओट्यावर पडतो, फडक्याने ओल्या कचऱ्यात जातो. पिशवी रिसायकलला, कोपरा मातीत. तो मातीत कुजत नाही, नुसता बारीक होत जातो.

उपाय फुकटचा आहे. कोपरा पूर्ण कापायचाच नाही, एक कड जोडलेली ठेवायची. त्रिकोण एका काचेच्या बरणीत भरून नोटीस बोर्डाखाली ठेवले. बरणी तीच, लोणच्याची.

19 सप्टेंबर

हळीव उगवले, दाट. खत तयार.

20 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. माळ्यावरचं सगळं एकदम खाली येणार म्हणून ई-कचऱ्याचं वेगळं संकलन. जुने मोबाइल, चार्जरची जाळी, एक संपूर्ण व्हीसीआर. सीएफएल दिवे खोक्यात, कागद भरून, त्यांत पारा असतो. फुटलाच तर झाडूने झाडायचा नाही, खिडक्या उघडून पुठ्ठ्याने गोळा करायचा. हे सांगितल्यावर दोघांनी आधीच फोडलेले आठवले. नोंदणीकृत रिसायकलरची पावती फाइलला लावली.

एका काकांनी विचारलं, व्हीसीआरचे किती मिळतील. त्यांना तो परत घरी न्यायला सांगितला नाही, पण मनात आलं होतं.

24 नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेचा निकाल लागला, आज रस्त्यावर फ्लेक्स पडलेत. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर, वेगळा करता येत नाही, म्हणून भाव नाही. जाळला तर त्यातल्या क्लोरीनमुळे विषारी धूर. हौदांच्या छपराचा प्रश्न जुलैपासून लोंबकळत होता, ए विंगच्या कार्यकर्त्यांनी चार मोठे आणून दिले. चारही पक्षांचे चेहरे आतल्या बाजूला, अशी अट घातली. उन्हात पीव्हीसीचे कपचे निघायला लागतात, तेव्हा मार्चच्या आत पत्रा बसवायचाच.

12 जानेवारी 2025

थंडीत ढीग सुस्त. 45 अंशांच्या वर जात नाही. हुरड्याच्या पार्टीची ताटं हौदात घालण्यावरून वाद. ताटं पानांची होती, टाके मात्र प्लास्टिकच्या धाग्याचे. पुढच्या वेळी काडीचे टाके बघून घ्या, एवढंच म्हटलं.

मिळकत करात गांडूळ खत प्रकल्पाला पालिका सर्वसाधारण करावर सवलत देते, एका सोयीला 5 टक्के, सौर किंवा पावसाचं पाणी जिरवणं जोडीला असेल तर 10. आपल्याकडे पाऊस जिरवायची सोय आहेच. तयार होत आलेल्या चौथ्या हौदात गांडुळं सोडायची. गरम ढिगात ती मरतात, म्हणून थंड झालेल्या ढिगातच.

16 फेब्रुवारी, रविवार

पानगळ सुरू झाली. समोरच्या बंगल्याच्या वॉचमनने काल ढीग रचून काडीपेटी काढली होती, माळीकाका धावत गेले. सुका पाला धुमसतो तेव्हा त्याचा बारीक धूर थेट फुप्फुसात जातो, आणि वर जूनला आम्ही भुशाला पैसे मोजतो. त्यांचा पाला आता आमचा. 'ब्राऊन लीफ' या, पाला देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देणाऱ्या ग्रुपवरही टाकून ठेवलंय की आम्ही पाला घेतो. सकाळी दोन फोन आले, एक कर्वेनगरहून.

साठवायची गोणपाटाची पोती लागणार, निदान साठ. मार्केट यार्डात विचारायचं. बी विंगमागची जागा रिकामी करायची आहे, तिथे सध्या कोणाची तरी सायकल गंजत पडली आहे. मालक महिनाअखेरपर्यंत पुढे आला नाही तर ती ताईंच्या शेडमध्ये जाईल, तशी सूचना आज बोर्डावर लावली. माळीकाकांनी मजकूर सुचवला होता, तो छापण्यासारखा नव्हता.